पाच मीटरवरचं बटण

डोळ्यांवर हेडसेट चढवल्यावर दिसणाऱ्या आभासी जगात समोरच्या भिंतीवर एक बटण आहे, आपल्यापासून पाच मीटर अंतरावर. हातातल्या कंट्रोलरमधून निघणारा किरण त्यावर रोखायचा आणि बोटाखालचा खटका दाबायचा, एवढंच काम. पण खटका दाबताना मनगट किंचित हलतं. एक अंश जरी हललं, तरी पाच मीटरवर किरणाचं टोक जवळपास 9 सेंटिमीटर सरकतं. बटण छोटं असेल तर नेम हुकतो आणि वापरणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. खरी चूक रचनेची असते. खटका दाबताना नेम असा हलण्याला संशोधकांनी 'हायझेनबर्ग परिणाम' असं नाव दिलंय. खटका दाबण्याच्या क्षणभर आधी किरण जिथे होता, तीच निवड धरली की बराच फरक पडतो.

लांबच्या वस्तू उचलण्यासाठी 1996 साली 'गो-गो' नावाची युक्ती मांडली गेली. आपण हात त्याच्या लांबीच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत पुढे नेतो, तोवर आभासी हात त्याच्याबरोबरच चालतो. त्यापुढे मात्र खरा हात थोडा सरकला, की आभासी हात झपाट्याने लांबत जातो. मला ही कल्पना फार आवडते, कारण जवळच्या वस्तू हाताळण्याची आपली जन्माची सवय ती मोडत नाही.

असं काही सुचलं की लगेच प्रोग्रॅम लिहायला बसू नये. पुठ्ठ्याची खोकी मांडावीत, एकाने मेनू म्हणून कागद डोळ्यांसमोर धरावा आणि दुसऱ्याने त्यावर बोट टेकवत राहावं. दोन-चार मिनिटांत खांदा भरून येतो आणि मेनू छातीच्या खाली उतरवायला हवा हे कळतं. सपाट पडद्यावरच्या आराखड्यात खांदा दुखत नाही! आवाजी आज्ञा तपासायच्या असतील, तर आडोशाला बसलेला माणूस त्या ऐकून दृश्य बदलतो. समोरच्याला ते यंत्रच वाटतं.

पुठ्ठ्यावर न कळणाऱ्या गोष्टीही आहेत. मान वळवल्यावर चित्र बदलायला साधारण 20 मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागला, तर जग डोळ्यांमागून फरफटत आल्यासारखं वाटतं. कंट्रोलरच्या दांडीने 'चालताना' डोळे सांगतात आपण पुढे चाललोय, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते जागेवरच आहोत, आणि मळमळायला लागतं. म्हणून बरेच जण एका जागेवरून थेट दुसरीकडे उडी मारण्याची सोय ठेवतात. साध्या करड्या ठोकळ्यांचं कच्चं आभासी जग उभं राहिलं, की या गोष्टींची चाचणी हेडसेट पहिल्यांदाच घालणाऱ्या माणसावर करावी. बनवणाऱ्याचं शरीर एव्हाना सरावलेलं असतं.