डीकॅफ कॉफीचं कॉकटेल पाणचट का होतं? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्ही डीकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेली कॉफी, विकतो. शनिवारी रात्री आमच्या फोनवर येणारे निरोप साधारण एकाच वळणाचे असतात. "रम घातली, कॉफी घातली, बर्फ घालून हलवलं, पण चवच लागत नाही. डीकॅफ आहे म्हणून का?" किंवा, "फेस आला आणि लगेच बसला. पाकीट जुनं पाठवलंत का?" प्रत्येकाला उत्तर देताना आम्ही तेच सांगतो, म्हणून आता ते नीट लिहून प्रत्येक पाकिटासोबत देत आहोत.

उत्तर थोडक्यात असं: कॉफी गरम असतानाच बर्फावर ओतू नका. ती आधी गार करा. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेकांचं मूळ एवढंच निघतं.

आता कारण. एक ग्रॅम बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतं. शाळेत शिकलेलं हे गणित शेकरमध्ये, म्हणजे कॉकटेल हलवायच्या झाकणाच्या भांड्यात, अगदी तंतोतंत लागू पडतं. मोका पॉटमधून (गॅसवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी काढायच्या भांड्यातून) नुकतीच काढलेली ४५ मिली कॉफी ८० अंशांची धरली, तर ती शून्यावर यायला जवळपास ४५ ग्रॅम बर्फ वितळवते. म्हणजे तुम्ही कॉफीत तेवढंच पाणी ओतलं! फ्रीझरमधला बर्फ शून्याच्या बराच खाली असतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येईल, पण चव जायला तोही पुरतो. हीच कॉफी आधी ३० अंशांवर आणली, तर तिच्यामुळे वितळणारा बर्फ १७ ग्रॅमच्या आसपास राहतो. रम आणि पाकामुळे वितळणारा बर्फ दोन्हीकडे सारखाच, तो काही टळत नाही. थोडं पाणी कॉकटेलला हवंही असतं, नाहीतर दारू घशाला लागते. पण कॉफीइतकंच पाणी कॉफीत मिसळलं, की हाती उरतो तो तपकिरी रंगाचा गोड रम.

साध्या कॉफीत ही चूक काही वेळा खपून जाते, डीकॅफमध्ये खपत नाही. कॅफिन काढताना बियांमधली थोडी चवही जाते, ती कितीही काळजी घेतली तरी पूर्ण वाचत नाही. शिवाय कॅफिन स्वतः कडू असतं, ते गेल्यावर कडवटपणाची धार कमी होते. नुसती प्यायला हीच कॉफी मऊ आणि छान लागते, म्हणून तर तुम्ही ती घेता. पण ४२.८ टक्क्यांच्या रमसमोर उभी राहायची, तर ती दाट हवी आणि दाटच राहायला हवी.

गार कशी करायची

कॉफी स्टीलच्या पेल्यात काढा. साखर किंवा गूळ घालायचा असेल तर तो याच वेळी, कॉफी गरम असताना विरघळवून घ्या. मग परातीत किंवा पातेल्यात नळाचं पाणी आणि चार-पाच बर्फाचे खडे घ्या, पेला त्यात ठेवा आणि चमच्याने ढवळत राहा. स्टील उष्णता पटकन सोडतं, काचेचा ग्लास किंवा चिनी मातीचा मग तेवढ्या वेगाने सोडत नाही. तीन-चार मिनिटांत पेल्याला बाहेरून हात लावला की गरम लागणार नाही. एवढं पुरे.

फ्रीजमध्ये सकाळपासून करून ठेवलेलं डिकॉक्शन, म्हणजे दाट काळी कॉफी, हा यावरचा उपाय नाही. तासन्‌तास ठेवलेल्या कॉफीचा वास उडतो, चव आंबूस होते आणि फेसही धरत नाही. पाहुणे बसले की कॉफी लावा, ती उतरेपर्यंत ग्लास फ्रीझरमध्ये टाका.

साउथ इंडियन फिल्टर वापरणाऱ्यांनी इथे लक्ष द्यावं. फिल्टरमधून थेंब थेंब उतरताना डिकॉक्शन आपोआप कोमट होतं, आणि ते आपल्याला हवंच आहे. पण "कोमट झालं" म्हणून बरेच जण ते गॅसवर पुन्हा तापवतात आणि तसंच बर्फावर ओततात. दुधाच्या कॉफीसाठी ती सवय ठीक. इथे नको.

ज्यांच्याकडे शेकर नाही, ते घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा वापरतात. चालतो, आम्हीही वापरतो. मात्र गरम कॉफी त्यात घालून झाकण लावून हलवलं, तर आतली हवा तापून झाकण उडतं आणि चिकट कॉफी भिंतीभर होते. काचेची बरणी तर गरम आणि बर्फ एकत्र आल्यावर तडकूही शकते. गार करण्याचं हे आणखी एक कारण.

प्रमाण

फिल्टर असेल तर ३० ग्रॅम पूड आणि १२० मिली उकळतं पाणी. पूड स्वतःच्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून खाली ६० मिलीच्या आसपास डिकॉक्शन येईल. "एवढी पूड आणि एवढंसंच डिकॉक्शन?" असं वाटेल, पण कॉकटेलला हेच पहिलं, दाट डिकॉक्शन लागतं. त्याच पुडीवर दुसऱ्यांदा पाणी घालून जे उतरतं, ते दुधात घालून प्या, रममध्ये नको. मोका पॉट असेल तर खालच्या भांड्यात झडपेच्या खालपर्यंत पाणी, वरची जाळी पुडीने काठोकाठ, आणि पूड दाबायची नाही.

आमच्याकडे सगळ्यात जास्त केलं जाणारं आणि आम्हाला स्वतःला सगळ्यात आवडणारं मिश्रण असं: डार्क रम ४५ मिली, गार केलेलं डीकॅफ ४५ मिली, गुळाचा पातळ पाक १५ मिली. मोठे, कोरडे बर्फाचे खडे घालून डबा गार पडून बाहेरून धुकट होईपर्यंत, साधारण १५ सेकंद, जोरात हलवा. चहाच्या गाळणीतून गाळा आणि वरून जायफळ किसा. जायफळाची कॉफी आपल्या घरांत पूर्वीपासून होतेच, आणि रमच्या मळीच्या वासाशी जायफळ फार सुंदर जुळतं. वेलदोडा मात्र जपून. तो कॉफीला झाकून टाकतो.

व्होडकाचं प्रसिद्ध कॉकटेल, एस्प्रेसो मार्टिनी, १९८०च्या दशकात लंडनमध्ये डिक ब्रॅडसेल या बारटेंडरने बसवलं. त्यात व्होडका, ताजी एस्प्रेसो, साखरेचा पाक आणि कॉफी लिकर (कॉफीच्या चवीची गोड दारू) असते. डीकॅफने ते उत्तम होतं, पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. बाजारातली कॉफी लिकर सहसा साध्या कॉफीची असते, म्हणजे तिच्यातून थोडं कॅफिन येतंच. कॅफिन अगदी टाळायचं असेल तर लिकर वगळा आणि कॉफी व पाक दोन्ही थोडे वाढवा.

आयरिश कॉफीला मात्र वरचा सगळा नियम उलटा. १९४०च्या दशकात आयर्लंडमधल्या फॉइन्स इथे, समुद्री विमानांच्या तळावर, जो शेरिडन या शेफने गारठलेल्या प्रवाशांसाठी ती केली, त्यामुळे ती गरमच हवी. गरम पाण्याने विसळलेल्या ग्लासात व्हिस्की ५० मिली, गरम डीकॅफ १२० मिली आणि एक चमचा साखर, वर ५० मिली क्रीम. साखर टाळू नका, तिच्यामुळे कॉफी जड होते आणि क्रीम वर तरंगतं. छोट्या खोक्यात मिळणाऱ्या २५ टक्के स्निग्धांशाच्या क्रीमने हे जमत नाही, ते फेटून दाट होत नाही आणि बुडतं. ३५ टक्क्यांच्या आसपासचं घ्या.

गोव्याहून फेणी आणणारे विचारतात. आमचं मत असं की काजू फेणीचा वास इतका ठळक असतो, की डीकॅफ तिच्यासमोर टिकत नाही. घालायचीच तर रमसोबत १० मिली, वासापुरती.

फेस

फेस येतो तो भाजलेल्या बियांमध्ये अडकलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे आणि कॉफीतल्या ज्या पदार्थांनी तो धरला जातो त्यांच्यामुळे. डीकॅफचं बी प्रक्रियेत भिजून-वाळून सच्छिद्र झालेलं असतं, म्हणून हा वायू त्यातून लवकर निघून जातो आणि तेलही लवकर पृष्ठभागावर येतं. दळल्यावर तर फार झपाट्याने. याच कारणासाठी आम्ही डीकॅफ आधी दळून ठेवत नाही, तुमची ऑर्डर आल्यावरच दळतो. पाकीट १०० ग्रॅमचं ठेवलंय, तेही याचसाठी. "अर्धा किलो द्या, स्वस्त पडेल" असं म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो, कारण शेवटच्या पुडीला ना वास राहतो ना फेस, आणि दोष कॉफीला लागतो. पाकिटावर भाजल्याची तारीख असते. त्या तारखेपासून तीन आठवड्यांत संपवा. घरी ग्राइंडर असेल तर बीच घ्या.

फेसाचा दुसरा शत्रू ओला बर्फ. दुकानातून पिशवीत आणलेला, अर्धवट पाघळलेला बर्फ हलवताना चुरा होतो आणि पाणी सोडतो. घरच्या फ्रीझरमधला, आत्ताच काढलेला, हाताला चिकटणारा खडा सगळ्यात चांगला. आणखी एक युक्ती: उरलेलं डिकॉक्शन बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. पुढच्या वेळी निम्मा बर्फ हा घाला. तो वितळला तरी पाण्याऐवजी कॉफीच मिसळते. ग्राहकांना आम्ही ही युक्ती सांगायला लागल्यापासून तक्रारी घटल्या आहेत.

चिकोरी, केमिकल आणि किंमत

चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफी म्हणजे डीकॅफ नव्हे. चिकोरीच्या मुळांत कॅफिन नसतं हे खरं, पण पाकिटात उरलेली कॉफी साधीच असते. आमच्या डीकॅफमध्ये चिकोरी नाही. गार कॉकटेलमध्ये चिकोरीचा मातकट गोडवा वर येतो, तो आम्हाला पटत नाही.

"केमिकल असतं का?" हाही नेहमीचा प्रश्न. डीकॅफचा पहिला मोठा व्यवसाय १९०६मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेन इथे लुडविग रोझेलियुसने सुरू केला, तेव्हा कॅफिन काढायला बेन्झीन वापरलं जायचं. ते कधीच मागे पडलं. आम्ही घेतो ते हिरवं बी पाण्याच्या पद्धतीने कॅफिनमुक्त होऊन येतं: बी गरम पाण्यात भिजतं, त्या पाण्यातलं कॅफिन सक्रिय कोळशाच्या गाळणीत अडकतं आणि चव असलेलं पाणी पुन्हा वापरलं जातं. हे काम मोठ्या कारखान्यातच होतं. त्याचा खर्च आणि आमची भट्टी, दोन्ही किमतीत दिसतात. भाजणंही अवघड, कारण हे बी कच्चं असतानाच तपकिरी दिसतं, त्यामुळे रंगावरून अंदाज चुकतो आणि तडकण्याचा आवाजही हळू येतो. आमच्याकडे प्रत्येक घाण्यासाठी एक माणूस भट्टीसमोरून हलत नाही. डीकॅफ इन्स्टंट आम्ही ठेवत नाही. दूध-साखरेच्या कपात ती चालून जाते, पण रममध्ये ती फार सपाट लागते.

"कॅफिनमुक्त" म्हणजे अगदी शून्य नव्हे, हेही स्पष्ट सांगतो. युरोपीय संघाच्या नियमात भाजलेल्या डीकॅफमध्ये ०.१ टक्क्यापर्यंत कॅफिन चालतं, म्हणजे १० ग्रॅम पुडीत जास्तीत जास्त १० मिलीग्रॅम. साध्या एस्प्रेसोच्या एका शॉटमध्ये साधारण ६० मिलीग्रॅम असतं. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास घेतं, त्यामुळे रात्री दहाला घेतलेलं साधं कॉफी कॉकटेल मध्यरात्र उलटून गेल्यावरही जागं ठेवतं. ही अडचण डीकॅफने टळते.

दारूची अडचण टळत नाही. झोप सुरुवातीला लागते, पण पहाटे मोडते, ती दारूमुळे. कॅफिन चढलेली दारू कमी करत नाही, फक्त चढल्याचं जाणवू देत नाही. याच धोक्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१०मध्ये कॅफिन घातलेली मद्यपेयं विकणाऱ्या चार कंपन्यांना इशारा दिला होता. डीकॅफ वापरलं तर हा लपंडाव होत नाही, दोन ग्लास झाले की दोन ग्लास झाल्याचं कळतं. आम्हाला डीकॅफ कॉकटेलचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो. पण त्यानंतर गाडी चालवू नका, आणि औषधं चालू असतील किंवा गरोदरपण असेल तर कॉफी नुसतीच घ्या. महाराष्ट्रात रम-व्होडकासारखी कडक दारू पिण्यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात आणि परवाना लागतो. आम्ही फक्त कॉफी विकतो. दारूबद्दल चौकशी आमच्याकडे करू नये.

ऑर्डर देताना

फक्त "डीकॅफ पूड" लिहू नका. "मोका पॉट", "फिल्टर" किंवा "एस्प्रेसो मशिन" यांपैकी काय वापरता ते लिहा. डीकॅफचं बी ठिसूळ असतं, दळताना जास्त भुकटी पडते, म्हणून प्रत्येक भांड्यासाठी आम्ही दळण वेगळं लावतो, साध्या कॉफीपेक्षा किंचित जाड. कॉकटेलसाठी घेत असाल तर तेही कळवा. आमच्याकडे एकाच बियांच्या दोन भाजण्या आहेत. मध्यम भाजणी प्यायला, आणि थोडी गडद भाजणी रम-व्हिस्कीसोबत. पाहुणे आठ-दहा असतील तर १०० ग्रॅमची दोन पाकिटं लागतील, पहिली वेळ असेल तर एकच घेऊन आधी घरी करून बघा. शनिवारसाठी हवं असेल तर गुरुवार दुपारपर्यंत सांगा, म्हणजे शुक्रवारी दळून पाकीट तुमच्या हातात पडेल.