दुबई आपसूक खाली का येत नाही?

"पृथ्वी फिरता म्हणतास, तर इमान मुंबयच्या वर नुसता थांबवूचा. दुबई आपसूक खाली येतली!"

पुतण्याला विमानतळावर सोडून वेंगुर्ल्याला परतलेल्या शेजारच्या आप्पांचा हा सवाल. त्यांच्या व्हॉट्सॲपवर तो 'पृथ्वी स्थिर असल्याचा पुरावा' म्हणून आला होता. दहा जणांना पाठवा, वगैरे. पुरावा टाकाऊ, पण सवाल झकास. पृथ्वी तासाला १५ अंश पूर्वेकडे वळते. मुंबई आणि दुबईच्या रेखांशांत साधारण साडेसतरा अंशांचं अंतर. म्हणजे सत्तर मिनिटांत काम व्हायला हवं! प्रत्यक्षात त्या १,९३० किलोमीटरला तीन तासांच्या आसपास लागतात.

ही शंका दीड हजार वर्षांची आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास सांगितलं, की पुढे जाणाऱ्या होडीतून काठावरच्या वस्तू मागे सरकताना दिसतात, तसे तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. फिरते ती पृथ्वी. त्यावर वराहमिहिराने विचारलं, असं असेल तर आकाशात उडालेला ससाणा घरट्यात परतेल कसा?

ससाणा परततो, कारण हवाही पृथ्वीबरोबर फिरते. मुंबईच्या अक्षांशावर जमिनीचा वेग ताशी साधारण १,५८० किलोमीटर आहे. हवा मागे राहिली असती तर त्याच वेगाचं वारं आपल्या अंगावर आलं असतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ताशी शंभर-सव्वाशेच्या वाऱ्याने माड-पोफळीच्या बागा झोपल्या, त्यावरून अंदाज करा. विमान धावपट्टीवर असतानाच तो वेग त्याच्या अंगात असतो आणि वर गेल्यावर ते याच फिरत्या हवेत उडतं.

मग जाण्या-येण्याच्या वेळेत फरक का पडतो? वाऱ्यामुळे. आणि इथे एक गंमत आहे, जी मला फार आवडते. खाडीत ताशी १० किलोमीटरने जाणारी होडी घ्या, पाण्याची ओढ २ ची. १२ किलोमीटर ओढीबरोबर जायला एक तास, त्याच ओढीविरुद्ध यायला दीड. एकूण अडीच तास. पाणी स्थिर असतं तर २ तास २४ मिनिटं. जाताना मिळालं ते येताना फिटत नाही, कारण विरुद्ध ओढीत होडी जास्त वेळ अडकते. सूत्रच हवं तर : ओढीचा वेग भागिले होडीचा वेग, त्याचा वर्ग करा, तो १ मधून वजा करा आणि स्थिर पाण्यातल्या वेळेला आलेल्या बाकीने भागा. ८०० च्या वेगाचं विमान आणि थेट समोरून-मागून १०० चा वारा धरला, तर दुबईच्या फेरीत जेमतेम पाच मिनिटांचा तोटा. पण नुसतं जाणं आणि नुसतं येणं यांत अर्ध्या तासाहून जास्त फरक! तीन तासांतला उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत सरपटण्यात, चढण्यात आणि उतरण्यात जातो.

आप्पा इथपर्यंत टिकले नाहीत, उठून गाईला पाणी दाखवायला गेले.

हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो. पावसाळ्यात दक्षिण भारतावर मात्र चौदा-पंधरा किलोमीटरवर उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे. या झोताचं वर्णन हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये केलं. श्रावणात उघडीप मिळाली की समुद्रावर जाऊन वर बघा. खालचे काळे ढग समुद्राकडून सह्याद्रीकडे धावत असतात, आणि फटीतून दिसलेच तर सगळ्यात वरचे पांढरे पिंजलेले ढग सह्याद्रीकडून समुद्राकडे.