ट्रान्सफर झाली, आता घरी टेस्ट कधी करू?

आमच्या सेंटरमध्ये भ्रूण ट्रान्सफर करून घेणाऱ्या जोडप्यांसाठी

स्त्रीबीजं काढून झाली, लॅबमध्ये भ्रूण तयार झाले, ट्रान्सफरची तारीख मिळाली, इथवर आलेल्यांना आयव्हीएफ म्हणजे काय हे नव्याने सांगायला नको. हे पत्रक ट्रान्सफरचा, म्हणजे भ्रूण गर्भपिशवीत सोडण्याचा दिवस आणि त्यानंतरच्या दोन आठवड्यांपुरतं आहे. आम्हाला येणारे निम्मे फोन याच दिवसांतले असतात. त्यातली एक चूक तर दर महिन्याला कोणी ना कोणी करतंच. घाई असेल तर निदान तेवढा भाग वाचा. तो शेवटाकडे आहे.

ट्रान्सफरच्या दिवशी

काम पाच-दहा मिनिटांचं. भूल बहुतेकींना लागत नाही; एरवी आतून तपासणी करताना जेवढा त्रास होतो, साधारण तेवढाच. टेबलावर झोपण्याआधी तुमचं आणि नवऱ्याचं पूर्ण नाव दोन-तीनदा विचारलं जाईल. "अहो, आत्ताच तर सांगितलं" असं म्हणून वैतागू नका. डिशवरचं नाव, फाइलवरचं नाव आणि समोरची व्यक्ती हे दोघांनी मिळून जुळवल्याशिवाय आमच्याकडे कॅथेटरमध्ये (भ्रूण आत सोडायच्या बारीक नळीत) भ्रूण घेत नाहीत.

लघवीची पिशवी भरलेली हवी. सोनोग्राफी पोटावरून करतो, आणि मधे पाणी असलं की गर्भपिशवी स्वच्छ दिसते. शिवाय गर्भपिशवी पुढे झुकलेली असेल तर ती थोडी सरळ होते आणि कॅथेटर अलगद आत जातो. पण भरलेली म्हणजे फुटायला आलेली नव्हे. दीड लिटर पाणी पिऊन टेबलावर थरथरणाऱ्या पेशंटची ट्रान्सफर करणं तिलाही अवघड आणि आम्हालाही. आणि पिशवी रिकामी करून, म्हणजे लघवी करून आलात, तर सगळ्यांनाच तासभर थांबावं लागतं. अगदी आवरत नसेल तर सिस्टरना सांगा, थोडी करून येता येते.

त्या दिवशी अत्तर, डिओ, सुगंधी तेल नको. हवेतली रसायनं भ्रूणांना मानवत नाहीत, म्हणून हा नियम आमच्या स्टाफलाही आहे.

स्क्रीनवर एक पांढरा ठिपका चमकून जातो आणि सगळे त्याचा फोटो मागतात. फोटो आम्ही आनंदाने देतो. पण खरं सांगायचं तर तो ठिपका भ्रूण नव्हे. भ्रूणासोबत सोडलेल्या थेंबातला तो हवेचा बुडबुडा असतो. पाच दिवसांचा भ्रूण मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढासुद्धा नसतो, सोनोग्राफीत तो दिसत नाही. ठिपका नीट जागी दिसला की भ्रूणही तिथेच गेला असं आम्ही धरतो. कॅथेटर बाहेर आल्यावर लॅबमध्ये तो मायक्रोस्कोपखाली पुन्हा तपासतात. क्वचित भ्रूण कॅथेटरमध्येच चिकटून राहिलेला असतो. मग लगेच पुन्हा सोडतात. असं झालं तर घाबरू नका.

"उठल्यावर पडणार नाही ना?" नाही. गर्भपिशवी म्हणजे रिकामी खोली नव्हे. तिच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. ओले तळहात एकमेकांवर दाबून मधे एखादा कण धरला तर हात हलवून तो पडेल का? लगेच लघवीला गेलात तरी चालतं. ती वाट वेगळी आहे. शिंक, खोकला, जिना, कशानेही भ्रूण बाहेर येत नाही. पंधरा दिवस पाय वर करून झोपून राहिल्याने यश वाढतं असं कुठल्याही अभ्यासात दिसलेलं नाही. उलट सतत पडून राहिल्याने पाठ आणि डोकं दोन्ही दुखतात. जड वजन, दमवणारा व्यायाम आणि शरीरसंबंध एवढं रिझल्टपर्यंत टाळा, बाकी रोजची कामं करा.

"दोन सोडा ना, डॉक्टर" हा हट्टही ओळखीचा आहे. चांगला पाच दिवसांचा भ्रूण असेल तर आम्ही एकच सोडायला सांगतो. जुळी ऐकायला गोड वाटतात. पण वेळेआधी प्रसूती, कमी वजनाची बाळं आणि आईचं वाढलेलं बीपी हे तुमच्या वाट्याला येऊ शकतं. उरलेले भ्रूण आमच्याच लॅबमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसच्या नायट्रोजनमध्ये राहतात. गोठवलेला भ्रूण शिळा होत नाही. गोठवलेल्या भ्रूणापासून झालेलं बाळ १९८४ सालीच जन्माला आलं आहे, आणि गोठवण्याची पद्धत तेव्हापासून बरीच सुधारली आहे.

आता ती चूक

ट्रान्सफरनंतर सहाव्या-सातव्या दिवशी पहाटे बाथरूममध्ये प्रेग्नन्सी किट लावायचं, एकच रेघ दिसली की ट्यूबलाइटखाली धरून बघायचं, मग खिडकीशी नेऊन, मग नवऱ्याला उठवून त्याला विचारायचं. आणि "नाहीच" असं ठरवून त्या दिवसापासून गर्भपिशवीचं अस्तर टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन हार्मोनच्या कॅप्सूल बंद. आम्हाला मात्र चार दिवसांनी कळवायचं.

आता शरीरात काय चाललेलं असतं ते पाहा. पाच दिवसांचा भ्रूण सोडल्यावर एक-दोन दिवसांत तो आपल्या कवचातून बाहेर येतो. मग अस्तराला चिकटतो, हळूहळू आत रुजतो. रुजायला लागल्यावरच तो एचसीजी (किट जे ओळखतं ते गरोदरपणाचं हार्मोन) तयार करतो, तोही सुरुवातीला अगदी थेंबभर. ते आधी रक्तात उतरतं, मग लघवीत. सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी ते दुप्पट होतं, म्हणजे सहाव्या दिवशी किटला न दिसणारं प्रमाण दहाव्या दिवशी ठळक असू शकतं. भ्रूण तीन दिवसांचा असेल तर आणखी दोन दिवस धरा.

उलटी फसगतही होते. फ्रेश ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण न गोठवता त्याच महिन्यात सोडला असेल तर स्त्रीबीजं काढण्याआधी ती पक्व व्हायला दिलेलं ट्रिगर इंजेक्शन बहुधा एचसीजीचंच असतं. ते शरीरातून जायला दहा-चौदा दिवस लागू शकतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यातल्या दोन रेघा इंजेक्शनच्या असू शकतात. पेढे वाटून झाल्यावर हे समजावणं आम्हाला फार जड जातं.

पण खरं नुकसान टेस्टने होत नाही, औषध थांबवल्याने होतं. गोठवलेला भ्रूण गोळ्यांनी अस्तर तयार करून सोडला असेल, तर त्या महिन्यात तुमचं अंडाशय प्रोजेस्टेरॉन बनवत नाही. जे काही आहे ते आम्ही दिलेल्या औषधातलंच. ते बंद केलं की अस्तर सुटायला लागतं, भ्रूण रुजलेला असला तरी. काही वर्षांपूर्वी एका पेशंटने सातव्या दिवशी एक रेघ पाहून औषध सोडलं. बाराव्या दिवशी आम्ही जवळजवळ ओढूनच तिचा बीटा (रक्तातलं एचसीजी मोजायची टेस्ट) करायला लावला. आकडा होता. पुढे तो वाढला नाही. औषध सोडल्यामुळेच वाढला नाही असं आम्ही म्हणू शकत नाही. नसतं सोडलं तर वाढला असता का, हे तिला आजही सांगू शकत नाही. म्हणून हे पत्रक.

छातीत जडपणा, पोट फुगणं, चिडचिड, ओटीपोटात कळ ही सगळी प्रोजेस्टेरॉनचीही लक्षणं आहेत. ती असली म्हणून होकार नाही आणि नसली म्हणून नकार नाही. डाग लागला तरी तेच: औषध चालू ठेवा आणि फोन करा. योनीमार्गातल्या कॅप्सूलचा पांढरा भाग बाहेर येतो, त्याने औषध वाया जात नाही, लागणारं आत शोषलेलं असतं. एखादा डोस चुकला तर दुप्पट घेऊ नका, आम्हाला विचारा. खूप रक्तस्राव, असह्य पोटदुखी, ताप, धाप लागणं किंवा पोट फुगून लघवी कमी होणं असं काही असेल तर मात्र वाट न पाहता, रात्र असली तरी, फोन करा.

काही ठिकाणी नवव्या-दहाव्या दिवशीच बीटा करतात. आम्ही बाराव्या दिवशी करतो, आणि त्यावरून आमच्याशी भांडलेली मंडळी बरीच आहेत. लवकर केलेल्या टेस्टमध्ये अर्धवट आकडा येतो, मग अधांतरी दोन दिवस काढावे लागतात. ते त्या एका जादा प्रतीक्षेपेक्षा वाईट असतात, हे आम्ही पुरेसं पाहिलं आहे. आकडा आला की ४८ तासांनी दुसरा बीटा, आणि नंतर सोनोग्राफीत गर्भ पिशवीतच आहे ना ते बघतो. आयव्हीएफमध्येही गर्भ कधी नळीत रुजतो, म्हणून घरच्या किटवर हो किंवा नाही ठरवून थांबू नका. रिपोर्ट डॉक्टर स्वतः फोनवर सांगतात, मेसेजवर आकडा टाकून मोकळे होत नाही. नकार असला तर कोणतं औषध कधी बंद करायचं आणि पुढची भेट कधी, हेही त्याच फोनवर.

रक्त द्यायला उपाशी यायची गरज नाही. सकाळी दहाच्या आत आलात तर त्याच दिवशी रिपोर्ट मिळतो. येताना फाइल आणा, ती घरी विसरली की जुने आकडे शोधण्यात सिस्टरचा अर्धा तास जातो.