नाइट्स ऑफ कोलंबस : धर्मग्रामातील कौन्सिल

कॅथलिक पुरुषांच्या नाइट्स ऑफ कोलंबस या बंधुसंस्थेच्या स्थानिक शाखेला कौन्सिल म्हणतात. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, श्रद्धा आचरणात आणणाऱ्या कोणाही कॅथलिक पुरुषाला सभासद होता येते. अमेरिकेत बहुतेक कौन्सिली एखाद्या धर्मग्रामाशी (पॅरिशशी), म्हणजे एका चर्चभोवतीच्या स्थानिक समुदायाशी, जोडलेल्या असतात.

संस्थेचा उगम कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन शहरात, सेंट मेरीज चर्चमध्ये झाला. तिथले साहाय्यक धर्मगुरू फादर मायकल मॅकगिव्हनी यांच्या पुढाकाराने ती २९ मार्च १८८२ रोजी कायदेशीररीत्या नोंदवली गेली. कर्ता पुरुष गेला की स्थलांतरित कामगाराचे कुटुंब उघड्यावर पडे आणि ज्या गुप्त मंडळांकडून मदत मिळे, त्यांत जायला चर्चची मनाई होती. त्यामुळे आयुर्विमा हा आरंभापासूनच संस्थेचा गाभा राहिला. आज सभासदाने विमा घेतलाच पाहिजे असे नाही. मॅकगिव्हनी १८९० साली वयाच्या अडतिसाव्या वर्षी वारले. २०२० मध्ये त्यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले.

दातृत्व, ऐक्य आणि बंधुता ही संस्थेची पहिली तीन तत्त्वे. पूर्वी त्यांच्या दीक्षा वेगवेगळ्या होत व त्या गुप्त असत. २०२० पासून कुटुंबीयांसमोर एकाच विधीत होऊ लागल्या. देशभक्ती हे चौथे तत्त्व असून त्याची दीक्षा स्वतंत्र आहे.

कौन्सिलचा प्रमुख ग्रँड नाइट. त्याची निवड दरवर्षी होते आणि कारभाराचे वर्ष १ जुलैला सुरू होते. पैशाची वाट मुद्दाम लांबची ठेवलेली आहे : वर्गणी वित्त सचिव घेतो व कोषाध्यक्षाकडे सोपवतो, खर्चाच्या आदेशावर ग्रँड नाइट आणि वित्त सचिव सही करतात, तर धनादेशावर ग्रँड नाइट आणि कोषाध्यक्ष. विश्वस्त हिशेब तपासतात. लहान कौन्सिलीत ‘आपलीच माणसे’ म्हणून या सह्यांना फाटा दिला जातो आणि घोळाची सुरुवात बहुधा तिथेच होते.

सेवेची कामे ठरलेली असतात : गरजू मुलांना हिवाळी कोट, अन्नपेढीसाठी धान्य, बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी निधी, मिस्सेच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) वेळी दारावरची मदत, आजारी सभासदाच्या अंगणातला बर्फ उपसणे. पण लोकांना कौन्सिल ठाऊक असते ती प्रायश्चित्तकाळातल्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातल्या, शुक्रवारच्या फिश फ्रायमुळे, म्हणजे तळलेल्या माशांच्या जेवणामुळे. या शुक्रवारी चौदा वर्षांवरील कॅथलिक मांस खात नाहीत, मासे चालतात. त्यामुळे सभागृह आपोआप भरते.

गोठवलेला कॉड किंवा पोलॉक आदल्या दिवशीच शीतकपाटात खाली उतरवावा लागतो. बाहेर ठेवून घाईने वितळवलेला मासा वरून कोमट आणि आतून बर्फच राहतो. तुकडे कागदाने नीट टिपावेत. पाणी राहिले तर पीठ सुटते आणि तेल उसळते. तेल सुमारे १८० अंश सेल्सिअसवर ठेवायचे, टोपली अर्धीच भरायची. रांग वाढली की तळणारा हमखास टोपली गच्च भरतो. तेल थंड होते आणि मासा तेलकट निघतो. अशा वेळी रांग थांबवावी, तेल तापू द्यावे. तळलेले तुकडे जाळीवर ठेवावेत. झाकण घातले की पाच मिनिटांत कुरकुरीतपणा जातो. तेल पेटले तर पाणी वर्ज्य. तेलाच्या आगीसाठीचे अग्निशामक हाताशी हवे. घरी नेणाऱ्यांची रांग वेगळी नसेल तर बसून खाणारे ताटकळतात.

सहवास खरा जमतो तो या कामात, विशेषतः कढया घासताना आणि खुर्च्या रचताना. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पद देऊ नये; ओळखीच्या सभासदाबरोबर ठरावीक दोन तासांचे काम द्यावे. बैठक लांबली, जुन्या कार्यवृत्तावर वाद रंगला की लहान मुलांचे बाप पुढच्या वेळी येत नाहीत. मग तेच पाच-सहा जण सगळे ओढतात आणि थकतात.

धर्मग्रामाच्या जागेतला कोणताही कार्यक्रम पॅरिश प्रिस्टांच्या (धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंच्या) संमतीनेच होतो, तारखाही त्यांच्या दिनदर्शिकेत आधी नोंदवाव्या लागतात. मुलांबरोबर काम करायचे असेल तर धर्मप्रांताचे (बिशपच्या अखत्यारीतील विभागाचे) बालसुरक्षा प्रशिक्षण आणि पार्श्वभूमी तपासणी आधी पूर्ण करावी लागते. उपक्रमाच्या आठवड्यात ती सुरू केली तर निकाल वेळेवर हाती येईलच असे नाही.