पंप नाही, मोटर नाही, तरी कारंजी उडतात: टिवोलीचा व्हिला देस्ते

रोमपासून साधारण ३० किलोमीटरवर डोंगरउतारावर टिवोली नावाचं गाव आहे, तिथला व्हिला देस्ते हा पूर्वीचा उन्हाळी महाल आणि आता सरकारी म्युझियम. लोक आत जातात, भिंतींवरची चित्रं बघतात, फोटो काढतात आणि बागेत उतरतात. पण माझ्या मते इथली सगळ्यात भारी गोष्ट आहे ती इथलं प्लंबिंग! पन्नासच्या आसपास कारंजी, साडेतीनशेहून जास्त फवारे, आणि एकही पंप नाही, सगळं निव्वळ गुरुत्वाकर्षणावर.

हे बांधून घेतलं कार्डिनल (म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी) इपोलितो देस्तेनं. लुक्रेझिया बोर्जियाचा मुलगा, म्हणजे पोप सहाव्या अलेक्झांडरचा नातू. त्याला स्वतःला पोप व्हायचं होतं, ते काही जमलं नाही, १५५० मध्ये टिवोलीचा गव्हर्नर म्हणून नेमणूक झाली आणि राहायला मिळाली एका जुन्या मठाची इमारत. मग त्यानं पिर्रो लिगोरिओ या वास्तुविशारदाला कामाला लावलं. हा माणूस जवळच्याच रोमन सम्राट हेड्रियनच्या व्हिलाच्या अवशेषांचा अभ्यास करत होता, आणि तिथले पुतळे, संगमरवर सरळ उचलून इकडे आणले गेले, जे मला अजिबात पटत नाही, पण झालं ते असं.

आता पाण्याचं बघू. आनिएने नदीचं पाणी गावाच्या खालून बोगदा खोदून बागेच्या वरच्या टोकाला आणलं, तिथून ते टप्प्याटप्प्यानं खाली येतं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्याच्या नळाला जोरात येतं आणि वरच्या मजल्यावर बारीक धार, तेच तत्त्व. पाण्याची पातळी दर १० मीटर उंच असली की दाब साधारण एका वातावरणाइतका, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो, आणि १० मीटर खाली तोटी ठेवली तर पाणी सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटरच्या वेगानं बाहेर पडू शकतं. प्रत्यक्षात पाइपातल्या घर्षणामुळे थोडं कमीच. गंमत म्हणजे हा हिशोब मांडणारा टॉरिचेलीचा नियम छापून आला १६४४ मध्ये, इपोलितो वारला १५७२ मध्ये, म्हणजे इथल्या कारागिरांनी हे सगळं सूत्राशिवाय, हातच्या अनुभवावर जमवलं होतं.

पण मला सगळ्यात आवडतं ते ऑर्गन कारंजं, जे पाण्यावर आपोआप वाजतं (ऑर्गन म्हणजे नळ्यांमध्ये हवा सोडून वाजवायचं मोठं वाद्य). वरून पाणी पाइपातून जोरात खाली पडतं तेव्हा ते आपल्याबरोबर हवेचे बुडबुडे ओढून नेतं. खाली एक बंदिस्त खोली आहे, तिथे पाणी आपटलं की हवा वेगळी होऊन वर जमते आणि पाणी खालून निघून जातं, मग ती दाबलेली हवा ऑर्गनच्या नळ्यांमध्ये जाते. म्हणजे भाता नाही, भाता ओढणारा माणूस नाही. आणि सूर कोण निवडतं? तर त्याच पाण्यावर एक चाक फिरतं, चाकाला जोडलेल्या दंडगोलावर खुंट्या असतात, खुंटी आली की ती पट्टी दाबते आणि ती नळी वाजते. म्हणजे धून त्या दंडगोलावरच साठवलेली. पोप तेरावा ग्रेगरी बघायला आला तेव्हा आत कुणी माणूस लपलाय का याची त्यानं खात्री करून घेतली असं सांगतात.

इपोलितोनंतर वैभव फार टिकलं नाही. लग्नसंबंधातून मालकी ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याकडे गेली, पुतळे विकले गेले, बाग ओसाड झाली. एकोणिसाव्या शतकात एका कार्डिनलच्या आमंत्रणावरून संगीतकार फ्रान्झ लिस्ट इथे येऊन राहायचा, आणि याच कारंज्यांवर त्यानं पियानोसाठी एक रचना केली. शेवटचा खासगी मालक ऑस्ट्रियाचा राजपुत्र आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड, ज्याच्या १९१४ मधल्या हत्येवरून पहिलं महायुद्ध पेटलं तोच. युद्धानंतर हा व्हिला इटली सरकारकडे आला, दुरुस्ती होऊन लोकांसाठी उघडला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बही पडले, पुन्हा दुरुस्ती, आणि २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आलं.

या पाण्याचा एक कायमचा त्रास आहे तो म्हणजे त्यात विरघळलेला चुना. हवेत येताच कार्बन डायॉक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा थर दगडावर, तोट्यांवर, पाइपांत साचत राहतो. ‘शंभर कारंजी’ नावाच्या वाटेवरची शिल्पं तर थरांनी आणि शेवाळानं इतकी मढलीत की मूळ कोरीवकाम ओळखू येत नाही. ऑर्गनही कित्येक वर्षं मुका होता, २००३ मध्ये तो पुन्हा वाजायला लागला. रोमला गेलात तर टिवोलीसाठी अर्धा दिवस काढाच, आणि ऑर्गन दिवसभरात ठरलेल्या वेळीच वाजतो तेव्हा आत शिरतानाच वेळ विचारून घ्या.