होडीचं चित्र आणि मनातला रियाज

"डोळ्यांसमोर आण" हे मी गाण्याच्या क्लासमध्ये दोन अगदी वेगळ्या कामांसाठी म्हणते. मुलांना, आणि त्यांच्या आईबाबांनाही, ते एकच वाटतं.

पहिलं काम गाण्यातल्या भावाचं. ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या क्लासमध्ये एक मुलगी यमन राग गात होती. पंचमावरून (प) रिषभावर (रे) येणारी तिची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत येणं, सुरात होती, पण शेवटी आदळत होती. "हळू ये" म्हटलं तर तिने लयच ओढली. मग विचारलं, "तलावपाळीला, तळ्यात, होडी काठाला लागताना पाहिलीस ना? शेवटचं हातभर अंतर ती नुसती सरकत येते. तशी ये." पुढच्याच वेळी मींडीचा शेवट सैल झाला, आवाज अलगद उतरला आणि लय जागेवर राहिली. तिन्ही गोष्टी एकेक करून सांगितल्या असत्या तर तिचं लक्ष सूचनांमध्येच अडकलं असतं.

ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. १६०९ सालच्या सोमनाथांच्या 'रागविबोध' ग्रंथात रागांची ध्यानं आहेत, म्हणजे रागांची शब्दांत रेखलेली रूपं. रागांची रूपं रंगवणारी रागमालेची चित्रंही त्याच वाटेवरची.

पण चित्र कधी फसतंही. तीच होडी दुसऱ्या एका मुलाला सांगितली, तर त्याला हेलकावे आठवले आणि त्याने रिषभच झुलवला. यमनात तो असा झुलवत नाहीत. त्याला मी गाऊनच दाखवलं. म्हणून चित्र लागू पडलं तरी मी लगेच विचारते, "आता आवाज कुठे उतरला, सांग." ते कानाला कळलं नाही, तर पुढच्या आठवड्यात होडी आठवते आणि मींड पुन्हा आदळते. शिवाय सूर पक्का नसताना चित्र देऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं काम मनातल्या रियाजाचं. इथे होडी नको, काहीच नको. तोंड मिटून तीच बंदिश, त्याच लयीत, श्वासाच्या जागांसकट मनात गायची. मेंदूचे अभ्यासक पास्कुअल-लिओनी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये पियानो न येणाऱ्यांकडून पाच बोटांचा एक धडा ५ दिवस, रोज २ तास करून घेतला. ज्यांनी तो फक्त मनात वाजवला, ते पाचव्या दिवशी प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसापर्यंत पोचले होते. उरलेली कसर प्रत्यक्ष वाजवण्याच्या एका बैठकीत जवळपास भरून निघाली. म्हणजे उपयोग मोठा, पण गळ्याचा रियाज चुकत नाही.

वाशीहून ट्रान्सहार्बर लोकलने येणाऱ्या मुलीला मी सांगते, मांडीवर त्रितालाच्या १६ मात्रा धर, अंतरा मनात म्हण, आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकली तर तो शब्द लक्षात ठेव. ती आली की तानपुरा लावून मी तिच्याकडून आधी तेवढीच ओळ गाऊन घेते.