चावी-रिमोट (घराच्या अलार्मचा)

किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून घराची अलार्म यंत्रणा दुरून चालू-बंद करण्याचे लहान बिनतारी साधन. की-फॉब हे त्याचे बाजारातले नाव. सातारा-सांगलीकडे नुसते ‘रिमोट’ म्हणतात. त्यावर सहसा चार बटणे असतात. मिटल्या कुलपाचे बटण यंत्रणा चालू करते, उघड्या कुलपाचे बंद करते. घराचे चित्र असलेल्या बटणाने दारे-खिडक्यांवरचे चुंबकी सेन्सर तेवढे जागे राहतात आणि खोल्यांतली हालचाल टिपणारे गप्प राहतात. रात्री माणसे घरात असताना हेच दाबायचे. चौथे बटण संकटाचे. यंत्रणा बंद असली तरी त्याने सायरन वाजतो, म्हणून खिशात चुकून दाबले जाणारे बटणही हेच. पॅनेलमध्ये (रिमोटचे संदेश घेऊन अलार्म चालवणाऱ्या मुख्य पेटीत) सोय असेल तर ते तीन सेकंद दाबल्यावरच चालेल असे ठरवून घ्यावे.

बहुतेक रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवतात. ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झचा पट्टा भारतात कमी शक्तीच्या उपकरणांना विनापरवाना खुला आहे. स्वस्त रिमोटमध्ये ईव्ही१५२७ जातीची चिप असते. तिचा २० बिटांचा क्रमांक (१०,४८,५७६ शक्यतांपैकी एक) कधीच बदलत नाही, त्यामुळे हवेतला संदेश टिपून पुन्हा सोडला तरी पॅनेल त्याला ओळखते. खरेदी करताना किमतीआधी कोड कायमचा आहे की बदलता, हे विचारावे. बदलत्या कोडच्या रिमोटमध्ये दर दाबण्याला मोजणी एकाने पुढे सरकते आणि जुना संदेश बाद होतो. कीलॉक ही अशीच एक पद्धत. तिच्या नेहमीच्या मांडणीत पॅनेल पुढच्या १६ मोजण्यांपर्यंतचा संदेश लगेच मानते. लहान मुलाने पॅनेलच्या टप्प्याबाहेर (संदेश पोहोचतो त्या अंतराबाहेर) बटण पन्नास वेळा दाबले, तर घरी आल्यावर रिमोट ‘मेल्यासारखा’ वाटतो. पॅनेलजवळ जाऊन लागोपाठ दोनदा दाबला की मोजणी पुन्हा जुळते.

नवा रिमोट जोडण्यासाठी पॅनेलवरचे लर्न बटण थोडा वेळ दाबतात, दिवा लागला की रिमोटचे कोणतेही बटण दाबतात, दिवा लुकलुकला की जोडणी झाली. मात्र बऱ्याच पॅनेलमध्ये हेच लर्न बटण आठ-दहा सेकंद दाबून धरले तर आधीचे सगळे रिमोट पुसले जातात. म्हणून आपल्या पॅनेलचे माहितीपत्रक आधी पाहावे.

तक्रारींचे मूळ बहुधा सेल असतो. पातळ रिमोटमध्ये सीआर२०३२ (३ व्होल्ट, व्यास २० मिमी, जाडी ३.२ मिमी), जाड्या रिमोटमध्ये पेन्सिल सेलहून बुटका १२ व्होल्टचा २३ए लागतो. तेवढ्याच व्होल्टचा २७ए त्याहून बारीक असतो आणि सेलच्या खाचेत सैल बसतो. सीआर२०१६ तर निम्म्या जाडीचा, तो टेकतच नाही. सेल उतरत आला की आधी टप्पा घटतो: फाटकापासून चालणाऱ्या रिमोटसाठी दारापर्यंत यावे लागते. मल्टीमीटरवर ३ व्होल्ट दिसले तरी भुलू नये, बटण दाबल्यावर जुना सेल खाली बसतो. नवा सेल कडेने धरून घालावा; बोटांचे तेल सेलला टेकणाऱ्या धातूच्या पत्तीवर बसते. मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलांवर कडू लेप असतो, तोही कधी कधी संपर्क अडवतो. हे सेल मुलांच्या हाती लागू देऊ नयेत: अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत गंभीर इजा करू शकतो.

महाबळेश्वर, पाटण, कोयना भागात पावसाळ्यात दमटपणाने पत्तीवर हिरवट थर चढतो. सांगलीत हळदीच्या पेठेत वावरणाऱ्यांच्या रिमोटमध्ये बारीक पूड रबरी बटणाखाली साचते, आणि बटण दोनदा-तीनदा दाबावे लागते. दोन्हींवर उपाय एकच: रिमोट उघडून सेल काढावा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कानकाडीने पत्ती आणि सर्किटच्या पाटीवरचे बटणांखालचे धातूचे ठसे पुसावेत, पूर्ण वाळू द्यावे. रबराखालचा काळा कार्बनचा ठिपका घासू नये. तो गेला की बटण संपले. पुराच्या पाण्यात भिजलेल्या रिमोटमधून सर्वात आधी सेल काढावा, कारण पाण्यापेक्षा पाण्यातून वाहणारा प्रवाह तांबे लवकर खातो.

वाईच्या जुन्या वाड्यांच्या जाड काळ्या दगडी भिंती, सिमेंटचा स्लॅब, पत्र्याचे छप्पर, पॅनेलशेजारचे लोखंडी कपाट यांनी टप्पा आणखी कमी होतो. अशा वेळी रिमोट बदलण्याआधी पॅनेलची अँटेना कपाटापासून दूर, उभी करून पाहावी.

रिमोट हरवला तर त्याच दिवशी पॅनेलमधून पुसावा. एकटा पुसण्याची सोय नसल्यास सगळे पुसून घरात उरलेले पुन्हा जोडावेत. दहा मिनिटांचे काम आहे. नवा रिमोट आणून जोडल्याने हरवलेला बाद होत नाही. भाडेकरू किंवा कामाची माणसे बदलल्यावरही हेच करावे.